ताथवड्यातून मास्टरशेफच्या ओट्यापर्यंत

पाककलेच्या रिअॅलिटी शोमध्ये स्पर्धकाला ठरलेल्या मिनिटांत, अनोळखी ओट्यावर, परक्या जिभेसाठी एक ताट वाढायचे असते. घरच्या स्वयंपाकात यांपैकी एकही अट नसते. घरी भाजीला दहा मिनिटे जास्त लागली तर जेवायला थोड्या उशिरा बसतात, मीठ कमी पडले तर पानात वरून घेतात, आणि खाणाऱ्याला पदार्थाची ओळख करून द्यावी लागत नाही. घरात-नात्यात सुगरण म्हणून नाव असलेली माणसे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बाद होतात, तेव्हा बहुधा या तीन अटींचा सराव नसणे हेच कारण असते. हा सराव घरी करता येतो. त्यासाठी महागडी भांडी लागत नाहीत आणि परदेशी पदार्थ पाठ करण्याचीही गरज नाही.

या प्रकारातला सर्वांत परिचित साचा 'मास्टरशेफ'चा. फ्रँक रॉडम या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या कल्पनेतून तो १९९० मध्ये बीबीसीवर आला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला मोठ्या मालिकेचे रूप दिले आणि मिस्ट्री बॉक्स, प्रेशर टेस्ट या फेऱ्या त्या आवृत्तीमुळे जगभर माहीत झाल्या. भारतात तो ऑक्टोबर २०१० मध्ये स्टार प्लसवर सुरू झाला. पहिल्या पर्वाच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौतल्या शाळेत शिकवत होत्या. सहाव्या पर्वाचे विजेते, ओडिशाचे अबिनास नायक आयटीत नोकरी करत होते. पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्याहून हिंजवडीच्या आयटी पार्कला रोज जा-ये करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सातवे पर्व २ जानेवारी २०२३ ला सोनीवर सुरू झाले. ते आसाममधील तिनसुकियाच्या नयनज्योती सैकिया यांनी जिंकले आणि महाराष्ट्राच्या सुवर्णा बागूल अंतिम तिघांत होत्या. त्याच पर्वात मुंबईच्या ऊर्मिला आशर वयाच्या ७७ व्या वर्षी एप्रन बांधून उभ्या राहिल्या. तेव्हा वयाची सबब फारशी टिकत नाही.

मराठी वाहिन्यांवर चित्र थोडे वेगळे आहे. 'आम्ही सारे खवय्ये' २००७ पासून घराघरांत गेले, पण त्यात हार-जीत नव्हती. अलीकडचे 'किचन कल्लाकार' आणि २०२५ मधले 'शिट्टी वाजली रे' हे कलाकारांना ओट्याशी उभे करून गंमत करणारे कार्यक्रम. कलाकारांच्या स्पर्धेची लाट हिंदीतही आहे. २०२५ च्या 'सेलिब्रिटी मास्टरशेफ'मध्ये उषा नाडकर्णी होत्या, छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी दुसरी आणि तेजस्वी प्रकाश तिसरी आली. सामान्य घरातल्या स्वयंपाक्याला स्पर्धेचे मोठे दार आज मुख्यतः हिंदीतच उघडते. म्हणून आपल्या पदार्थाबद्दल हिंदीत दोन सरळ वाक्ये बोलता येणे हाही तयारीचाच भाग.

निवड

नोंदणी बहुतेक वेळा वाहिनीच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर होते. अर्जात आवडीच्या पदार्थाचे छायाचित्र आणि स्वतःबद्दलची माहिती मागतात. पुढच्या टप्प्यात घरून शिजवून नेलेला पदार्थ दिलेल्या थोड्या मिनिटांत ताटात मांडायचा असतो. इथे डब्याची निवड निर्णायक ठरते. ताथवड्याहून निघालेला डबा द्रुतगती मार्गाने मुंबईत पोहोचायला वाहतूक सुरळीत असली तरी अडीच-तीन तास लागतात, आणि रांगेतले तास वेगळेच. या वेळात भाकरी कडक होते, वडा मऊ पडतो आणि हिरव्या चटणीचा रंग काळवंडतो. भरीत, मुरलेला रस्सा, सुरळीची वडी, खापरपोळी असे पदार्थ हा प्रवास सोसतात. कुरकुरीत भाग वेगळ्या कोरड्या डब्यात न्यावा आणि तिथे वरून घालावा. फोडणीसुद्धा ऐनवेळी देता येईल असे गृहीत धरू नये, कारण आच मिळेलच असे नाही.

परीक्षक चव घेतात आणि निर्मिती-चमू माणूस पाहतो. कॅमेऱ्यापुढे हात चालू ठेवून बोलता येते का, प्रश्नाला उत्तर देता येते का, पदार्थामागे काही गोष्ट आहे का, हे तपासले जाते. गोष्ट खरी आणि लहान असावी. जळगावच्या आईकडून शिकलेली शेवभाजी आता पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री होते, एवढीही गोष्ट पुरते. दुःखाचा पाढा वाचला की निवड होते हा समज खूप पसरला आहे. त्याच्या आहारी गेलेल्यांना पुढे महिनाभर तेच दुःख कॅमेऱ्यापुढे उगाळावे लागते.

नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करण्यास हरकत नसते. आठव्या पर्वाचे विजेते मोहम्मद आशिक मंगळूरमध्ये ज्यूसचे दुकान चालवत. ते सातव्या पर्वाच्या निवडीतून बाहेर पडले होते. आणखी एक सावधगिरी: ऑडिशनसाठी, 'थेट प्रवेशा'साठी किंवा 'पोर्टफोलिओ'साठी पैसे मागणारा माणूस फसवणारा आहे असेच समजावे.

मूळ साचा हौशी स्वयंपाक्यांसाठीचा आहे, हेही इथे सांगायला हवे. ताथवड्यातच डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाची हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे. अशा संस्थेतून शिकलेल्याने किंवा हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी केलेल्याने पात्रतेची अट अर्ज भरण्यापूर्वीच नीट वाचावी. माहिती दडवून पुढे गेलेला स्पर्धक कोणत्याही फेरीत बाद ठरू शकतो.

घड्याळ

आत गेल्यावर पहिली अडचण घड्याळाची. साठ मिनिटे ऐकायला भरपूर वाटतात. त्यांतली पाच पॅन्ट्रीत सामान गोळा करण्यात जातात, शेवटची सहा-सात मांडणीत, आणि मधे परीक्षक ओट्याशी येऊन प्रश्न विचारतात ते वेगळेच. शिजवायला हातात चाळीस-पंचेचाळीस मिनिटे उरतात. त्यात पॅन्ट्रीतून विसरलेल्या वस्तूसाठी बहुधा परत जाता येत नाही. म्हणून ओट्यापासून पॅन्ट्रीपर्यंत जाताना पदार्थाचे नाव घोकण्यापेक्षा त्याची कृती पहिल्या पायरीपासून मनात म्हणत जावी. मीठ, तेल, कोथिंबीर या रोजच्याच वस्तू राहतात.

मासवडीचे उदाहरण घेऊ. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातला हा पदार्थ पुणे जिल्ह्याचा स्वतःचा आहे, पूर्ण शाकाहारी आहे, दिसायला माशाच्या तुकड्यासारखा आहे आणि थंड झाला तरी बिघडत नाही. स्पर्धेसाठी याहून सोयीचा मराठी पदार्थ शोधून सापडणार नाही. मात्र तो साठ मिनिटांत बसवायचा तर क्रम चुकता कामा नये. पॅन्ट्रीतून परतताच दोन आचा पेटवाव्यात. एकीवर तीळ, खसखस, किसलेले सुके खोबरे आणि उभा चिरलेला कांदा एकामागून एक भाजावेत. यातला निम्मा ऐवज सारणाला जातो आणि कांदा-खोबऱ्याचा उरलेला भाग रश्श्याच्या वाटणाला. दुसरीवर फोडणीत लसूण, मिरची, हळद घालून पाणी उकळत ठेवावे. भाजणे एकदाच होते, तिथे सात-आठ मिनिटे वाचतात. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास उकळत्या पाण्यात बेसन एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने घोटावे. गुठळी झाली तर मोडत बसायला वेळ नसतो. झाकण ठेवून पिठाला दणदणीत वाफ आणावी. तोवर वाटण फिरवून रश्श्याची फोडणी पडलेली हवी.

खरी कसोटी यानंतर. पीठ गरम असतानाच ओल्या फडक्यावर घ्यायचे, हात पाण्यात बुडवत थापायचे, सारण पसरायचे आणि फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करून वरून दाबून माशाचा आकार द्यायचा. पीठ निवले की गुंडाळीला भेगा पडतात, आणि चटके बसतात म्हणून थांबले की ते निवतेच. गुंडाळी तिसाव्या मिनिटापर्यंत बाजूला ठेवली पाहिजे, कारण किमान दहा मिनिटे मुरल्याशिवाय सुरी लावली तर वड्या फुटतात. या वेळात रश्श्याला तर्री सुटेपर्यंत मंद आच मिळते. पन्नासाव्या मिनिटाला वड्या कापायला घेतल्या की मांडणीला श्वास घेण्याइतका वेळ उरतो. कोणताही पदार्थ निवडला तरी अशी वेळेची पट्टी कागदावर मांडून तो वारंवार करून पाहावा. मोबाइलवर उलटी मोजणी लावावी आणि वेळ संपताच हात वर करावेत, मग ताट अर्धे का असेना. घरात कुणी तरी मधेच प्रश्न विचारत राहिले तर सराव अधिक खरा होतो.

दुसरी अडचण थंड ताटाची. चित्रीकरणात ताटाची जवळून छायाचित्रे घेतली जातात, एकेका स्पर्धकाला पुढे बोलावले जाते, आणि शेवटच्या ताटापर्यंत बराच वेळ जातो. गरम असताना बेताचे वाटणारे मीठ थंड पदार्थात निराळे लागते, तूप थिजते, भाताची शिते घट्ट होतात. सरावाच्या वेळी ताट वीस-पंचवीस मिनिटे तसेच ठेवून मग चव घ्यावी. हा सराव कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच फार थोडे लोक तो करतात.

अनोळखी सामान आणि ओळखीची चव

मिस्ट्री बॉक्समध्ये झाकणाखाली काय निघेल सांगता येत नाही. लीक, फेनेल, ब्लू चीज, कोळंबी किंवा एखादे फळ, काहीही. इथे पाठ केलेल्या पाककृती उपयोगी पडत नाहीत, तंत्रे उपयोगी पडतात. कोंबडीचा तुकडा आत रसाळ ठेवणे, मासा कातडीच्या बाजूने कुरकुरीत करणे, अंडे हवे तितकेच घट्ट करणे, एक साधे कणकेचे पीठ आणि एक केकचे मिश्रण प्रमाणासह तोंडपाठ असणे, कॅरॅमल करपू न देणे, एवढे आले तर बहुतेक पेट्या हाताळता येतात. मराठी स्वयंपाक्याचे बळ वाटण, भाजणी आणि फोडणीत असते. त्याची उणीव बहुधा मांस-मासे नेमके शिजवण्यात आणि भाज्या गाळ न करण्यात दिसते. शाकाहारी घरातल्यांनी मांस हाताळायचे की नाही हे अर्जापूर्वीच ठरवावे. चौथे पर्व २०१५ मध्ये पूर्ण शाकाहारी झाले होते, पण तो अपवाद होता.

सामान ओळखण्यासाठी पिंपरीच्या लालबहादूर शास्त्री मंडईत किंवा मोशीच्या उपबाजारात सकाळी चक्कर मारावी. वाकड-हिंजवडीच्या मोठ्या दुकानांत परदेशी भाज्या मिळतात, त्यांतली दर आठवड्याला एक अनोळखी वस्तू आणून तिच्यावर आपली फोडणी चालते का ते बघावे. झुकिनीला काळा मसाला सोसतो, लीकचे पिठले उत्तम होते. ब्रोकोलीची परतून भाजी मात्र केली नाही तर बरे.

पाण्याची एक बारीक गोष्ट इथे स्थानिकांच्या कामाची आहे. ताथवडे-पुनावळे भागातल्या अनेक सोसायट्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालतात. अशा जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळींची साले लवकर मऊ होत नाहीत आणि डाळ शिजायला जास्त शिट्ट्या लागतात. घरच्या सवयीने मोजलेल्या शिट्ट्या स्टुडिओतल्या पाण्यात लावल्या तर पुरणाचा लगदा होतो. सराव पिण्याच्या गाळलेल्या पाण्यावर करावा. कुकर, शेगडी आणि सुरी यांबाबतही हेच: एखाद्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या स्वयंपाकघरात जाऊन करून पाहिल्याशिवाय आपण आपल्या भांड्यांवर किती अवलंबून आहोत हे कळत नाही.

चवीचा न्याय करणारे लोक या भागात फुकट मिळतात. महामार्गालगत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, जवळच हिंजवडीचे आयटी पार्क, पलीकडे चिंचवड-भोसरी-चाकणचे कारखाने. त्यामुळे एकाच इमारतीत खानदेशी, वैदर्भी, मराठवाड्यातले, बिहारी, ओडिया आणि तमीळ शेजारी राहतात. घरच्यांना आवडलेली आमटी परक्या जिभेला फार गोड किंवा फार जहाल लागते का, हे तेच सांगू शकतात. घरचे लोक कौतुकच करतात, त्यांच्या मताला या कामी किंमत नाही. मेस चालवणाऱ्या काकूंचे मत विचारावे. रोज पन्नास-साठ ताटे वाढणाऱ्या बाईला मिठाचा अंदाज स्पर्धकापेक्षा पक्का असतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत महिला बचत गट खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात. अशा जत्रेत दोन दिवस स्टॉलवर उभे राहिले की घाई, उष्णता, गर्दी आणि तोंडावर नाक मुरडणारे गिऱ्हाईक या चारही गोष्टींची सवय होते.

मांडणीबद्दल एकच सांगणे: पदार्थाचे रूप बदलावे, चव बदलू नये. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन मास्टरशेफच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी यांनी पांता भात, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, आलू भर्ता आणि सार्डिन माशासोबत वाढला आणि त्या तिसऱ्या आल्या. आपल्याकडे आंबील, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, ठेचा-भाकरी यांना हीच जागा आहे. या पदार्थांना 'फ्यूजन' करण्याच्या नादात पुरणपोळीचा चीजकेक आणि पिठल्याचा फोम करणारे स्पर्धक दोन्हीकडचे गमावतात.

करार, रजा आणि घर

निवड झाल्यावर करार येतो आणि उत्साहाच्या भरात तो न वाचताच सही होते. चित्रीकरण किती आठवडे चालेल, त्या काळात फोन वापरता येईल का, प्रवास-निवासाचा खर्च कोण करणार, निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन किती काळ, कार्यक्रमानंतर दुसऱ्या वाहिनीवर किंवा जाहिरातीत जाण्यास मनाई किती महिने, आणि स्पर्धेत केलेल्या पाककृतींवर हक्क कोणाचा, हे प्रश्न करार वकिलाला दाखवून सोडवून घ्यावेत. संकलनाचा अधिकार निर्मात्याकडे असतो. तासभर शांतपणे काम केलेल्या स्पर्धकाचे दोन सेकंदांचे चिडणे प्रसारित होऊ शकते, आणि त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही.

नोकरदाराने कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी. सातवे पर्व पडद्यावर जानेवारी ते मार्च असे तीन महिने चालले. शेवटपर्यंत टिकणाऱ्याला साठलेली रजा पुरत नाही, बिनपगारी रजेचा हिशेब आधीच करावा लागतो. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर मागची व्यवस्था कोण बघणार याचे उत्तर ठरलेले असावे. बायकांच्या बाबतीत हा प्रश्न अजूनही अधिक टोकदार आहे: घरच्यांसाठी वर्षानुवर्षे रांधणारी बाई स्वतःसाठी रांधायला निघाली की पहिला प्रश्न घरच्या जेवणाचाच निघतो.

समाजमाध्यमांवरची टीका हा नवा त्रास. भाग प्रसारित होत असताना प्रतिक्रिया वाचण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावे.

प्राप्ती

सातव्या पर्वाच्या विजेत्याला २५ लाख रुपये, सोनेरी शेफ कोट आणि करंडक मिळाला. ही रक्कम पूर्ण हातात येत नाही. प्राप्तिकराच्या नियमांत दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांतील बक्षीस लॉटरीच्याच गटात मोडते. त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर लागतो. २५ लाखांवर हा आकडा ७ लाख ८० हजार होतो. वाहिनी ७ लाख ५० हजार आधीच कापून घेते, उरलेले ३० हजार विवरणपत्र भरताना द्यावे लागतात. हातात राहतात १७ लाख २० हजार. कमी उत्पन्नाची सवलत या रकमेला लागू होत नाही आणि तयारीवर केलेला खर्चही वजा करता येत नाही. बक्षीस मोटार किंवा वस्तूच्या रूपात असेल तर तिच्या किमतीवरचा कर भरला गेल्याशिवाय ती ताब्यात मिळत नाही. 'मोटार जिंकली' म्हणून पेढे वाटण्याआधी हा आकडा काढावा.

विजेता एकच असतो, त्यामुळे बक्षिसावर हिशेब मांडणे चुकीचे. बहुतेकांना मिळते ते नाव, आणि त्याचा उपयोग कार्यक्रम संपल्यानंतरच्या थोड्या महिन्यांतच होतो. पंकज भदौरिया यांनी पुढे दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केले आणि लखनौत पाककला प्रशिक्षण संस्था काढली. पाचव्या पर्वाच्या कीर्ती भौतिका यांनी कोलकात्यात बेकरीचा व्यवसाय वाढवला. स्पर्धेशिवायही हा रस्ता आहे: जयंती कठाळे यांनी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून बंगळुरूत 'पूर्णब्रह्म' उभे केले आणि नंतर त्या 'शिट्टी वाजली रे'मध्ये परीक्षकाच्या बाजूला दिसल्या. स्पर्धेत उतरणाऱ्याने पुढचे पाऊल आधीच ठरवले पाहिजे. वर्ग घ्यायचे, डबे द्यायचे, मसाले विकायचे की यूट्यूब चालवायचे, हे ठरलेले असले तर शेवटचा भाग प्रसारित होईल त्या आठवड्यात फोन नंबर, दरपत्रक आणि माल तयार असतो. जो नंतर विचार करू म्हणतो, त्याला लोक पुढचे पर्व सुरू होताच विसरतात.

जाहिरात, वर्ग किंवा विक्रीतून येणारे उत्पन्न बक्षिसाप्रमाणे सरसकट ३० टक्क्यांत मोडत नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न असते आणि त्यातून खर्च वजा होतो. म्हणून त्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. फ्लॅटमधून डबे, केक किंवा मसाले विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावर भरता येतो आणि मिळालेला १४ आकडी क्रमांक विक्रीच्या प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो.